ओलं कुंकू

परवा नातीच्या बाप्तिस्म्यात फादरांनी तिच्या कपाळावर पाणी ओतलं, आणि मला एकदम ओल्या कुंकवाचा वास आला. तो माझ्या बाप्तिस्म्याचा होता.

ते दुष्काळाचं, बहात्तरचं साल. कोपरगावाजवळच्या चर्चमध्ये, लग्नाच्या आदल्या दिवशी, मी सवयीनं कुंकू लावूनच उभी राहिले. टंचाई असूनही फादरांनी पाण्याला हात आखडला नाही. कुंकू ओघळून पांढऱ्या पातळावर उतरलं. मागं बायका कुजबुजल्या. वडिलांना चोरून आलेली आई दारातच उभी होती. ती पदर तोंडाशी धरून रडायला लागली.

होणाऱ्या सासूबाई उठल्या. आता बोलणार, म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी आपल्या पदरानं माझं कपाळ टिपलं, मग दाराशी जाऊन आईला हाताला धरून आत आणलं.

"विहीणबाई, कुंकवाची डबी आनलीय न्हवं? मग लावा पोरीला. देव काय कुंकवावर रुसायचा न्हाई."

आईनं कुंकू लावलं. फादर तोवर थांबले.

"लग्नासाठीच धर्म बदललास ना?" लोक अजून विचारतात. हो, बदलला लग्नासाठीच. पण आमचे हे जाऊनही आता बरीच वर्षं झाली, आणि दर रविवारी मी त्याच दारातून आत जाते, जिथून माझ्या आईला कुणीतरी हाताला धरून आत नेलं होतं.