इंजिनावरचं कुंकू

सोमवार, १८ नोव्हेंबर १९७४. थंडी वाढली. दूधवाला उशिरा आला. शालिकराम सकाळीच हजर. इंजिनाचे तीन प्लग निघाले. चौथा निघत नाही.

प्रमोदिनीबाईंची रोजनिशी अशीच असे. घडलेलं तेवढं लिहायचं, वाटलेलं नाही. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी लावलेली शिस्त. त्या चौथ्या प्लगपायी रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, हे त्यांनी कुठंच लिहिलं नाही.

गाडी केशवरावांची. शाळातपासनीस असताना त्यांनी ती जुनी मॉरिस घेतली. कुहीकडच्या धानाच्या बांध्यांमधून ती धूळ उडवत जायची आणि प्रमोदिनीबाई शेजारी मांडीवर डबा धरून बसायच्या. मूलबाळ झालं नाही. केशवराव गेले, तशी गाडी शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. आता घरमालकाला शेड पाडून भाडेकरूंसाठी खोली काढायची होती. वाडी गावच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला जुन्या गाड्यांचं वेड. तो म्हणाला होता, "इंजिन हातानं फिरलं तर घेऊन जातो, जिवापाड सांभाळतो. जाम असलं तर मात्र कबाड्यालाच द्या, बाई."

म्हणून शालिकराम. कोष्ट्याचा मुलगा, घरचा हातमाग बसला तेव्हा गॅरेजात शिरला, आणि केशवरावांच्या गाडीला त्याच्याखेरीज कुणी हात लावला नव्हता. आठवडाभर तो प्लगच्या खळग्यांत मातीचं तेल सोडत होता. बाटलीतलं संपलं तेव्हा प्रमोदिनीबाईंनी स्टोव्हसाठी ठेवलेल्या रॉकेलचा डबा आणून दिला.

मंगळवारी त्यानं ब्लोलॅम्पनं चौथा खळगा तापवला, वर मेणबत्ती टेकवली. मेण वितळून प्लगच्या आट्यांत उतरलं.

"आदी जरासं कसाचं, मंग सोडाचं," तो पाना लावत म्हणाला. "गंजाले वाटलं पाहिजे, हा आपल्याच बाजूचा हाये."

ओट्यावर गहू निवडत बसलेल्या नणंदबाई, वच्छलाबाई, फणकारल्या, "अवं प्रमोदिनी, ते लोखंड आहे का देव? माझ्या भावाची केली नाहीस एवढी सेवा चाललीय त्याची!"

"गहू खाली सांडताहेत, वन्सं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि पुन्हा पान्याकडं बघू लागल्या.

पाना किंचित हलला. शालिकरामनं जोर वाढवला. मग कट्‌ असा आवाज झाला आणि प्लगची मान तुटून पान्यात आली. धड आतच राहिलं.

"आता हेडच उचला लागते," तो हळूच म्हणाला.

दुपारपर्यंत एकेक नट सोडवून त्यानं इंजिनाचं वरचं झाकण उचकटलं. आत सगळं तांबडं. पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला असा चिकटला होता की दोन्ही मिळून एकच लोखंड झालं होतं. त्यानं लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारली. हळू, मग जरा जोरात. पिस्टन जागचा हलला नाही. बाजूच्या भिंतीवर मात्र केसासारखी रेघ उमटली. शालिकरामनं तिच्यावरून बोट फिरवलं आणि हातोडी खाली ठेवली.

"ब्लॉक तडकला, बाई. संपलं."

प्रमोदिनीबाई पुढं वाकून ती रेघ पाहू लागल्या.

"पर मले समजून नाई राहिलं," तो झाकण उजेडात धरून पुटपुटला, "शेड तं गळत नाई. पाणी शिरलं कुठून?" चौथ्या खळग्याच्या कडेचा गंज त्यानं स्क्रूड्रायव्हरनं खरवडला. लाल-पिवळी खपली निघाली. खपलीत तांदळाचा एक अख्खा दाणा होता.

केशवराव दसऱ्याला बॉनेट उघडून उभे राहायचे. प्रमोदिनीबाई हळद, कुंकू, अक्षता वाहायच्या, नारळ फोडून पाणी इंजिनावर ओतायच्या. मग दोघं गाडीतून सोनं लुटायला जायची, आणि तापल्या इंजिनावर सगळं सुकून जायचं. केशवराव वारल्यावर पहिल्याच हळदीकुंकवाला वच्छलाबाई म्हणाल्या होत्या, "तू आत बैस. तुझ्या हातचं कुंकू आता कोणाला चालायचं नाही." त्या आत बसल्या. पण दसऱ्याला शेडचं दार आतून लावून त्यांनी बॉनेट उघडलं. स्वतःच्या कपाळाला लावायचं नव्हतं, दुसऱ्या कुणाच्या कपाळाला लावताही येत नव्हतं. ते सगळं कुंकू इंजिनाला. नारळाचं पाणी थेंबही न सांडता, प्लगच्या खळग्यांत. दर दसऱ्याला. आणि नंतर गाडी कुठंच जात नव्हती.

शालिकरामनं दाण्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं, आणि खपली घाईनं फडक्यात पुसून घेतली.

"उंदरानं आणला असन जी. उंदीर लई वाईट जात."

"उंदीर कुंकू लावतो का रे, शालिकराम?"

तो मान खाली घालून हात पुसत राहिला. हात कधीच पुसून झाले होते.

"देवाच्या नावानं केलं तुमी. त्यात काय..."

"देवाच्या नावानं नाही केलं."

ओट्यावरून वच्छलाबाई ओरडल्या, "फिरलं का गं ते?"

"नाही, वन्सं."

"मी सांगतच होते!"

शालिकरामनं पाने पिशवीत भरले. "उद्या कबाड्याले धाडतो," तो म्हणाला, आणि जाताना कुणी न सांगता त्यानं बॉनेट हळूच, आवाज न करता मिटलं.

दिवेलागणीला त्यांनी रोजनिशी उघडली. मंगळवार, १९ नोव्हेंबर. ब्लॉक तडकला. वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्याला निरोप धाडला, येऊ नये. मग शेवटची ओळ लिहिली:

स्टोव्हला मातीचे तेल उरले नाही. सकाळचाच भात थंड खाल्ला.