साडूचा क्लब आणि माझा स्वेटर

समाजसेवेसाठी कोट लागतो, हे मला एकसष्ट साली समजले. त्या साली दारव्ह्यात सेवाभावी क्लब निघाला आणि माझे साडू वामनराव त्याचे अध्यक्ष झाले. वामनराव कापसाचे अडते. क्लबचा पितळी बिल्ला लावायला कोटाची कॉलर लागते, आणि उन्हाळ्यातही कोट घालायची तयारी असलेले गृहस्थ गावात फारसे नव्हते. मी नागपूरच्या एका दैनिकाचा दारव्ह्याचा वार्ताहर होतो. मला कोणी सभासद व्हा म्हटले नाही. मला त्याचे काही वाटले नाही. (हे वाक्य मी अजूनही अधूनमधून म्हणतो.)

माझ्या पत्नीला मात्र वाटले. वामनरावांची पत्नी कुसुमताई ही सुमनची सख्खी थोरली बहीण. लहानपणी दोघींना एकाच ठाणातले परकर शिवत; आता एकीच्या नवऱ्याच्या छातीवर बिल्ला चमकत होता आणि दुसरीच्या नवऱ्याच्या खिशाला शाईचा डाग होता. क्लबने एसटी स्टँडवर पाणपोई उघडली, तेव्हा सुमनने आमच्या दारासमोर रांजण ठेवला. उतारू स्टँडवरच पाणी पीत. आमच्या रांजणाचा लाभ शेजारच्या म्हशीने घेतला.

क्लबचे परदेशातल्या क्लबांशी संबंध होते. कॅनडातल्या एका गावच्या क्लबातील बायकांनी भारतातल्या गरिबांसाठी स्वेटर विणले आणि एक मोठी लाकडी पेटी आगबोटीने रवाना केली. ती मुंबईला उतरली, मूर्तिजापूरला छोट्या गाडीत चढली आणि होळी झाल्यावर दारव्ह्याला पोचली. वितरण ताबडतोब झाले, कारण कॅनडाला फोटो पाठवायचा होता. या समारंभाचे मला आमंत्रण आले, परंतु वामनरावांच्या हस्ते होणारे काहीही मी डोळ्यांनी पाहणार नव्हतो. मी घरी बसून बातमी लिहिली : 'गरजूंच्या चेहऱ्यांवर समाधान विलसत होते.' तो घाम होता, असे मागाहून कळले.

त्या स्वेटरांचे पुढे काय झाले, तेही मला मागाहूनच कळले. आमच्याकडची थंडी शेकोटीने आणि घोंगडीने भागते. लोकर मात्र पोळ्याला लागते. तेव्हा बरेचसे स्वेटर उसवून त्यांचे गोंडे झाले आणि त्या वर्षी दारव्ह्याच्या बैलांची शिंगे कॅनडाच्या लोकरीने सजली. काही स्वेटर उसवायचे राहिले. ते आठवडी बाजारात आले.

हिवाळ्यात बातमी आली, की स्वेटर पाठवणाऱ्या क्लबचे एक जोडपे दारव्ह्याला येत आहे. क्लबला डोळ्यांचे शिबिर भरवायचे होते. शस्त्रक्रियेची उपकरणे कॅनडाहून मिळायची होती, पण आधीच्या मदतीचा उपयोग कसा झाला, ते पाहून पाहुणे निर्णय देणार होते. गावातले कितीतरी म्हातारे मोतीबिंदूने आंधळे होऊन ओसरीवर बसून होते. त्यामुळे वामनरावांची झोप उडाली होती. आमच्या घरात वेगळ्याच कारणाने उडाली.

"भाऊजी कोट घालून खुर्चीवर बसतीन," सुमन म्हणाली, "अन् तुम्ही त्या सदऱ्यावर कोपऱ्यात उभे राहसान. ताई मले तेच दाखवाले बोलावून राह्यली."

मी म्हणालो, वार्ताहराने उभेच राहायचे असते. ती म्हणाली, उभे राहा, पण काहीतरी अंगावर घालून.

कोट शिवायला वेळ नव्हता. मी बाजारात गेलो. जुन्या कपड्यांच्या ढिगामागे करीमभाई बसत. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ढिगात हात घातला आणि एक जाड निळा स्वेटर काढला. छातीवर मोठे तांबडे पान विणलेले होते. पाच बोटांचे, दातेरी. मी कापसाच्या मुलखातला माणूस. ते कपाशीचे पान आहे, हे मी पाहताक्षणी ओळखले.

"ये नागपूर में भी नहीं मिलेगा, बाबूजी," करीमभाई म्हणाले. "बाहर का माल है."

बाहेरचा म्हणजे मी अमरावतीचा धरला. करीमभाईंनी मला फसवले नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे.

सुमनला स्वेटर पसंत पडला. पानावरून तिने दोनदा हात फिरवला. कापसाचा धंदा भाऊजींचा, पण छातीवर कपाशी आपल्या यांच्या, हा विचार तिने बोलून दाखवला नाही. तिच्या चेहऱ्यावर तो छापलेला होता.

समारंभ जिनिंगच्या आवारात होता. दुपार झाली होती. पौषातली असली, तरी ती दारव्ह्याची दुपार होती, आणि स्वेटर बर्फात घालण्याच्या बेताने विणलेला होता. मी घामाने निथळत फाटकातून आत शिरलो. लोक वळून पाहू लागले. एकदोन सभासदांनी एकमेकांना कोपराने ढोसले. हे सर्व मी बहुमानात जमा केले.

वामनराव मंचावरून जवळजवळ उडी मारून खाली आले.

"दिनकरराव," ते कानाशी लागले, "हे काढा."

"कायले?"

"मंग सांगतो. पयले काढा."

गेल्या वर्षभरात मला इतके सुख कोणी दिले नव्हते. वामनराव जळत होते! बिल्ला होता, कोट होता, मंचावर मधली खुर्ची होती, तरी माझा एक स्वेटर त्यांना पाहवत नव्हता. मी गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावली.

बायकांच्या बाजूला हाच खटला दुसऱ्या कोर्टात चालू होता. कुसुमताई सुमनला म्हणत होती, "सुमे, त्याईले ते काढाले सांग वं. पाया पडतो तुह्या."

"काहून? तुह्या नवऱ्यापाशी तसं नाही म्हणून?"

यावर कुसुमताईने तोंड फिरवले. तिने कारण का सांगितले नाही, असे मी पुढे विचारले. सांगणारच होते, ती म्हणाली, पण सुमीचा तो टोमणा ऐकला आणि म्हटले, मरू दे.

तेवढ्यात पाहुणे आले. साहेबांच्या गळ्यात कॅमेरा होता. बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, चेहऱ्याने प्रेमळ. हार झाले. वामनराव भाषणाला उठले आणि मदतीचा सदुपयोग या विषयावर बोलू लागले. बाईंची नजर मात्र स्वेटर शोधत सभेवरून फिरत होती. ज्यांना ते मिळाले होते, ती माणसे समोरच बसली होती, पण सदऱ्यात. शेवटी नजर माझ्यावर येऊन थांबली. बाईंनी तोंडावर हात ठेवला. त्या मंचावरून उतरल्या, सरळ माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी माझ्या स्वेटरची खालची कड उलटून पाहिली. आत पिवळ्या लोकरीची एक छोटी फुली होती. ती पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

गावचे डॉक्टर दुभाषी होते. ते म्हणाले, "बाई म्हणतात, हा स्वेटर त्यांनी स्वतःच्या हाताने विणलाय. पान कॅनडातल्या मेपलच्या झाडाचं, आणि ही फुली त्यांची खूण. गरिबाला पाठवलेली वस्तू गरिबाच्याच अंगावर दिसली, याचा त्यांना फार आनंद झालाय."

मी वामनरावांकडे पाहिले. वामनरावांनी माझ्याकडे पाहिले. हे आमचे साडू, वार्ताहर, असे त्यांनी सांगितले असते, तर साडूच्या अंगावर गरिबांचा स्वेटर कसा, असा प्रश्न आला असता. मी बाजाराचे नाव घेतले असते, तर कॅनडाची लोकर आणि दारव्ह्याचे बैल यांचा संबंध उघड झाला असता, आणि डोळ्यांची उपकरणे आल्या वाटेने परत गेली असती. आम्ही दोघेही एकाच वेळी गप्प राहिलो. आमच्या नात्यात असे एकमत त्यापूर्वी झाले नव्हते.

अखेर अध्यक्षांनी घसा साफ केला आणि डॉक्टरांना सांगितले, "म्हणा, फार गरजू माणूस आहे." म्हणताना त्यांचा चेहरा अतिशय गंभीर होता. इतका गंभीर राहायला त्यांना किती कष्ट पडत होते, ते मला दिसत होते.

डॉक्टरांनी भाषांतर केले. बाईंनी मुलेबाळे विचारली, घराला छप्पर आहे का विचारले. घाम माझ्या डोळ्यांत उतरत होता. मी तो पुसला. बाईंनी त्याचा अर्थ कृतज्ञता असा घेतला आणि मला हाताला धरून मंचावर नेले. वर पाहुण्यांपुरत्या आणि पदाधिकाऱ्यांपुरत्याच मोजक्या खुर्च्या मांडल्या होत्या. बाईंनी वामनरावांच्या खुर्चीकडे बोट केले. वामनराव उठले. मी बसलो. बाईंनी आपल्या गळ्यातला हार माझ्या गळ्यात घातला. वर्षभर मला जे पाहिजे होते, ते सर्व मिळाले : मंच, मधली खुर्ची, गळ्यात हार, शेजारी परदेशी पाहुणी आणि मागे हात बांधून उभे असलेले वामनराव! साहेबांनी फोटो काढला. त्याच सभेत उपकरणे मंजूर झाली. माझी मंचावरून उतरायची इच्छा कोणी विचारात घेतली नाही.

उपकरणे पावसाळ्यानंतर आली. शिबिर चांगले झाले, आणि म्हातारे लोक मला स्पष्ट पाहू लागले.

त्याच सुमारास कॅनडाच्या क्लबची पत्रिका आली. ती घेऊन वामनराव आणि कुसुमताई स्वतः आमच्या घरी आले. पहिल्याच पानावर माझा फोटो होता. फोटो माझ्या मापाने कापला होता. बाई अर्ध्या आल्या होत्या, आणि अध्यक्षांचे एक कोपर कडेला दिसत होते. बिल्ल्याचा पत्ता नव्हता.

वामनरावांनी चष्मा लावून खालची इंग्रजी ओळ वाचली आणि तिचा मराठी अर्थ चवीने सांगितला : "दारव्ह्याचा एक निराधार गृहस्थ."

सुमनने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

"अन् भाऊजी, तुमच्या कोपराबद्दल काय लिव्हलं?"

कुसुमताई चहा न घेता उठली. पुढे बरेच दिवस ती आमच्याकडे आली नाही. निराधार का होईना, पण सुमीचा नवरा विलायती कागदावर छापून आला आणि आपला नुसता कोपरापुरता, हे तिला सहन झाले नाही, असे कळते.

मी वार्ताहर. परदेशी पत्रिकेत दारव्ह्याचा माणूस झळकणे, ही बातमी होती, आणि मी ती नागपूरला धाडली. उलट टपाली संपादकांनी विचारले, हे गृहस्थ कोण? मी चौकशी करून कळवले, की सदर इसमाचे नाव समजू शकले नाही.