आजींचं वय आणि तात्यांचं रक्त

“मॅडम, तुमच्याकडून ट्यूब बदललीय,” सर म्हणाले. “आजी आणि मुलगा मॅच होत नाहीत. दुसऱ्या घरच्या ट्यूबशी स्वॅप झाला असं लिहून द्या, मी फाइल क्लोज करतो.”

मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. रिटायर झाल्यावर गंगापूर रोडवरच्या एका संशोधन केंद्रात फील्डचं काम धरलं. शंभरी पार केलेली, स्वतःच्या पायांनी हिंडणारी माणसं नाशिक जिल्ह्यात शोधायची. त्यांचं आणि त्यांच्या एका अपत्याचं रक्त आणायचं. काही घराण्यांत दीर्घायुष्य जीन्समधूनच उतरतं का, हे केंद्राला पाहायचं होतं. मुलाचे निम्मे जीन्स आईकडून येतात. त्यामुळे दोघांचं रक्त शेजारी ठेवलं की मशीनला नातं दिसतं. इथे ते दिसत नव्हतं.

चूक दाखवा, मी कान पकडीन. पण न केलेली चूक लिहून द्या म्हटलं की माझं डोकं फिरतं. रक्त काढलं की त्या माणसासमोरच, त्याला नाव विचारून, ट्यूबवर लेबल लावायचं हा माझा नियम. एकाची जांभळ्या टोपणाची ट्यूब बॉक्समध्ये गेल्याशिवाय मी दुसऱ्याच्या दंडाला पट्टा बांधत नाही. यावरून दवाखान्यात माझी टिंगल व्हायची. होऊ दे.

“सर, रिपीट सॅम्पल आणते. पहिल्याशी जुळलं नाही तर लिहून देते.”

“आणि जुळलं तर?”

“तर तुम्ही मला सॉरी म्हणायचं.”

सर या अभ्यासाचे प्रमुख, पण माझ्या मुलाच्या वयाचे. हसले नाहीत.

आजींचं घर निफाडजवळच्या एका गावात, द्राक्षबागेला लागून. कागदावर त्या एकशे एक वर्षांच्या. दात तीनच उरलेले, पण चष्म्याशिवाय तांदूळ निवडायच्या. मुलगा तात्या ब्याऐंशीचे, रोज बागेत चक्कर मारणारे. आजींचा जन्मदाखला नव्हता. तात्यांचा शाळेचा दाखला होता, त्यावर जन्मतारीख गुरुजी सगळ्यांना घालायचे तीच, एक जून. तात्यांच्या वयात अठरा-एकोणीस मिळवून घरच्यांनी आजींचं वय काढलं होतं आणि तेच पुढे आधार कार्डावर चढलं. गावाने शंभरीचा सत्कारही उरकला होता. मीही पहिल्या खेपेला मान डोलावून तेच वय फॉर्मवर लिहिलं.

या खेपेला आधी तात्यांचं रक्त घेतलं. तेवढ्यात लाइट आली आणि ते मोटार चालू करायला बागेत गेले. मी आजींकडे वळले.

“परत कशाला गं ताई? मागल्या टायमाला कमी भरलं का?”

मला गोलमोल बोलता येत नाही. त्यात सरांचा राग डोक्यात होता. “आजी, तुमचं आणि तात्यांचं रक्त मशीनला जुळत नाही. साहेब म्हणतात, मीच अदलाबदल केली.”

आमच्या फॉर्मवर स्पष्ट लिहिलेलं आहे: नात्याबद्दल काही वेगळं निघालं तर ते घरच्यांना सांगायचं नाही. मी नेमकं तेच करून बसले होते.

आजींनी सुनेला हाक मारून चहा ठेवायला लावला. ती आत गेल्यावर त्यांनी पोलक्यातून काळा दोरा ओढून काढला. त्यात चांदीचा छोटा टाक होता. दुसरेपणावर दिलेल्या बाईने नवऱ्याच्या गेलेल्या पहिल्या बायकोची अशी प्रतिमा गळ्यात घालायची, ही आमच्याकडची जुनी रीत.

“ही त्याची आई. बाळंतपणातच गेली. मी आले तवा तो सहा म्हयन्याचा आन् मी चौदाची. मांडवातच मांडीवर दिला मला.” त्यांनी टाक पदराने पुसला. “माझी कूस काय उजवली नाय. पन मला कधी उणं वाटलं नाय बघ. त्याला ठाऊक नाय, ताई. इतकी वर्सं नाय कळू दिलं. आता तुमचं मशीन सांगणार व्हय?”

मला भयंकर लाज वाटली. जन्मात ट्यूब बदलली नव्हती, पण जिभेला लेबल लावायचं राहिलं होतं.

“नाही सांगणार, आजी. माझा शब्द.”

त्यांचं रक्त घेतलं, नाव विचारून लेबल लावलं. सुनेने आणलेला चहा कसाबसा संपवला आणि निघाले. तात्या गाडीपर्यंत सोडायला आले. दार उघडताना म्हणाले, “ताई, पुन्यांदा आलात तवाच समजलो. मशीनला काय दिसलं ते ठाऊक हाय मला.”

मी हातातला बॉक्स सीटवर ठेवला.

“सातवीत व्हतो. बांधाच्या भांडणात चुलत्यानं तोंडावर सांगितलं. घरी आलो तर आई ताट वाढून बसलेली. मी जेवलो. झालं.”

“त्यांना कधी बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? तिला वाटंल, पोरगं परकं झालं. तिच्या कानावर जाऊ देऊ नका, येवढंच मागतो.”

नाशिकला येईपर्यंत मी तात्यांच्या ब्याऐंशीत आजींचे चौदा मिळवून पाहिले होते आणि काय करायचं ते ठरवून टाकलं होतं. रिपीट रिपोर्ट आला. आजींची दुसरी ट्यूब पहिलीशी जुळली, तात्यांचीही जुळली. अदलाबदल झालेली नव्हती.

“मग मॅच का होत नाहीत?” सरांनी फोन उचलला. “तात्यांनाच विचारतो.”

“फोन करायचा नाही, सर.”

“मॅडम, हा डेटा आहे!”

“तो काढून टाका. आजी फार तर शहाण्णवच्या आहेत. आपली अट शंभरची. वयाचा पुरावा अपुरा, एवढंच लिहा. ते खरं आहे.”

“तुम्हाला कारण माहीत आहे.”

“आहे. सांगणार नाही. फॉर्मवर तुमचीच सही आहे, एकदा वाचा. त्या घरात फोन गेला तर माझा राजीनामा घ्या.”

सरांनी फॉर्म वाचला. चांगली दोन मिनिटं घेतली. मग फोन खाली ठेवून “सॉरी” म्हणाले. मीही माझी चूक सांगितली, की आजींना रागाच्या भरात बोलून गेले. त्यावर मला लेखी ताकीद मिळाली. ती रास्तच होती.

घरच्यांना फक्त वय कमी पडल्याचं कळवलं. आजी फोनवर म्हणाल्या, “मंग चार-पाच वर्सांनी या की.”

त्यांना तेवढी वर्षं मिळाली नाहीत. त्या गेल्यावर भेटायला गेले तेव्हा तात्यांना सांगितलं, की आजींनीही माझ्याकडे हेच मागितलं होतं. तात्या आधी हसले. “म्हंजी दोघंबी येकमेकाला फसवत व्हतो,” म्हणाले, आणि मग लहान मुलासारखे रडले. नंतर त्यांनीच हे लिहायला परवानगी दिली.

मशीनने अडवलं नसतं तर आम्ही ही जोडी स्लाइडवर दाखवली असती: आई एकशे एक, मुलगा ब्याऐंशी, दोघं ठणठणीत, पाहा कसं रक्तातून उतरतं. आता कोणत्याही घरी मी वय मांडण्याआधी एक प्रश्न विचारते: नवऱ्याचं हे कितवं लग्न? आणि तो घरातली सगळी बाहेर गेल्यावरच विचारते.