दुर्बिणीतला गाळ

ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरना सगळे अक्का म्हणत. तेवीस वर्षं रक्त, लघवी, पू निस्तरूनही अक्काला कधी मळमळलं नव्हतं. नव्या पोरी नाक मुरडायच्या तेव्हा ती म्हणायची, "अगं, शरीराची घाण साबणानं जाते."

मुतखड्याचं ऑपरेशन तिला आवडायचं. लघवीच्या वाटेनं बारीक दुर्बीण मूत्रपिंडापर्यंत जायची, तिच्यातून केसाएवढी लेझरची तार. पडद्यावर खडा फुटून पिठासारखा उडायचा. कुठे चिरफाड नाही, टाका नाही.

त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांचं दुपारी कुठेतरी भाषण होतं. सहाही ऑपरेशनं त्याआधी उरकायची होती आणि दुसरी दुर्बीण दुरुस्तीला गेलेली. पहिला पेशंट बाहेर नेताच ते म्हणाले, "अक्का, पाण्यातून काढा आणि द्या."

"घासून औषधात बुडवायला हवी. अर्धा तास लागेल."

"खड्याचा भुगाच तर आहे! पुढच्या पेशंटच्या पोटातही तोच आहे."

मदतनीस पोरी फिसकन हसल्या. अक्कानं दुर्बिणीच्या नळीत ब्रश सारला. दुसऱ्या टोकानं तपकिरी गाळ आला, रक्ताच्या गाठीसकट. तिनं तो पांढऱ्या कापडावर घेऊन मोठ्या डॉक्टरांपुढे धरला. त्यांनी तोंड फिरवलं. सकाळी ह्याच माणसानं कपाला डाग दिसला म्हणून चहा परत पाठवला होता! तेवीस वर्षांत पहिल्यांदा अक्काला मळमळलं.

टेबलावर आणलेल्या पुढच्या पेशंट आजी विचारत होत्या, "झोपवताय ना आता?"

"थांबा आजी, हत्यार धुतलेलं नाही अजून," अक्का म्हणाली.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी सिरिंज खाली ठेवली. अक्कानं दुर्बीण घासली, औषधाच्या टबात बुडवली आणि टबाला पाठ लावून उभी राहिली. मोठ्या डॉक्टरांनी आरडाओरडा केला, हातमोजे भिरकावले. ती घड्याळाकडे बघत राहिली.

अर्ध्या तासानं आजींचा खडा नीट फुटला. भाषण मात्र बुडालं. सोमवारी अक्काची बदली चादरींच्या कोठीत झाली. मदतनीस पोरी येऊन कुजबुजल्या, "तुमचंच बरोबर होतं, अक्का."

"मग तेव्हा काय दातखीळ बसली होती?" तिनं चादरींची चळत उचलली आणि त्यांच्याकडे पाठ केली.

डॉक्टरबाईंनी मात्र लेखी तक्रार केली. दुर्बीण कधी धुतली ते लिहून आल्याशिवाय त्या आता कुणाला भूल देत नाहीत. मोठे डॉक्टर आहेत तिथेच आहेत. जिन्यात गाठ पडली की गोड हसून विचारतात, "काय अक्का, बरं आहे ना?" गटाराशेजारून जाताना कपडे आवरावेत तशी अक्का अंग चोरून पुढे जाते.