सावल्या बंद, झाडं बंद, माणसं बंद

वणीच्या दुकानदारानं मले जो कम्प्युटर विकला, त्याच्या डब्ब्याले समोरून लाल-निळे लाईट होते. तेवढंच त्यात गेमिंगचं होतं. मी विचारलं, "ग्राफिक कार्ड कोठी हाय?" तं म्हणे, "भाऊ, ते आतमंदीच हाय. वेगळं कायले पायजे?" आतमंदीच हाय! जसं पंगतीत वरण वाढलंच नाही अन् वाढपी म्हणे भातातच हाय. भैताड म्हणा मले, पण मी तो डब्बा मांडीवर धरून, दोस्ताच्या मोटरसायकलवर मांगं बसून, राजूरकडच्या आमच्या गावापर्यंत घेऊन आलतो.

मले त्याच्यावर शहर वसवायचा गेम खेळायचा होता. रस्ते टाका, घरं बांधा, पाणी द्या, का लोक राहाले येतात. सिव्हिलचा डिप्लोमा करून घरी बसेल माणसानं दुसरं काय बांधावं? पण शहर जरासं वाढलं का तो डब्बा चक्कीवानी घरघर करे, अन् गाड्या अशा सरकत जसं कोणी एकेकीले ढकलून राह्यलं. मी त्याच्यासमोर कूलर लावला, तं माय बोंबलली, "माणसं उकडून राह्यले अन् हा डब्ब्याले हवा देऊन राह्यला!" मंग मी सेटिंगमंदी गेलो. सावल्या बंद केल्या. झाडं बंद केले. रस्त्यानं फिरणारे माणसं बंद केले. तवा कोठी गेम पळाला. बोडखं, रिकामं शहर झकास चालते. कोणत्याही सायबाले विचारून पाहा.

त्याच टायमाले आमचं खरं गाव उठायचं होतं. कोळशाची खाण सरकत सरकत शिवेपर्यंत आलती, अन् पलीकडच्या खडकाळ बरडावर आमाले नवीन गाव बांधून देणार होते. पंचायतीत त्याचा नकाशा लावला. नुसत्या रेघोट्या. तो कितीतरी दिवस उलटा टांगेल होता, पण कोणाले पत्ता नाही. सरपंचाले तं नाहीच नाही.

आमच्या बाजूच्या घरात माही मोठी माय राहे, माह्या बापाच्या मोठ्या भावाची बायको. एकटीच. तिच्या दारात कडूलिंब होता. उन्हाळ्यात सकाळी तिथी बाज टाकली का दिवस बुडेपर्यंत तिचं सगळं तिथीच: दाळ निवडणं, येणाऱ्या-जाणाऱ्याले शिव्या देणं, झोपणं. ती गाव सोडाच्या कागदावर अंगठा द्यायले तयार नव्हती. म्हणे, "घर कसंही द्या, पण दारात लिंब पायजे. नाहीतं मी हालत नाही."

मंग मी नकाशातलं ते गाव गेमात वसवलं, का तिले निदान दिसन तरी. त्या गेमची एक अकड हाय, पहिले रस्ता मागते, मंगच घर ठेवू देते. आमच्या गावात घरं आज्याच्या आधीपासून हायेत, अन् रस्ता अजून येऊनच राह्यला. तरी बसवलं सगळं. हे समजल्यावर पुरा मोहल्ला माह्या खोलीत घुसला. एक म्हणे माहा गोठा दाखव. दुसरा म्हणे, ह्याचं घर माह्या घरासमोर कायले ठेवलं, हटव. अकलेचे कांदे! मोठी माय चष्मा लावून सगळ्यायच्या पुढं बसली. तिले आपलं घर सापडलं.

"लिंब कोठी हाय?"

"झाडं बंद केले म्या."

"काहून?"

"कम्प्युटर ओढत नाही. गाव मोठं हाय."

"म्हणजे हाय, पण दिसून नाही राह्यला?"

"तसंच समज," म्हतलं म्या. मांगून लोक ढकलून राह्यलते.

पुनर्वसनाचा सायब त्या दिवशी गावातच होता. गर्दी पाहून तो खोलीत डोकावला. "अरे वा, थ्रीडी!" म्हणे, अन् मोबाईलवर धडाधड फोटो काढले. मले वाटलं, शिकेल माणूस हाय, आता विचारीन का नाली कोठी, शाळा कोठी, स्मशान कोठी. त्यानं विचारलं, "चहा मिळन का?"

थोड्या दिवसानं पंचायतीसमोर फ्लेक्स लागला, 'आदर्श पुनर्वसित गाव'. चित्र माहं. घरं काडीपेटीएवढे, अन् त्याच्यावर हात जोडेल पुढाऱ्यायचे डोस्के भोपळ्याएवढे. चित्रात झाड नाही, माणूस नाही, सावली नाही, अन् त्यातल्या एकाही भोपळ्याले ते खुपलं नाही. मी मोठ्या मायले बजावलं, "त्याच्यावर भरोसा नको करू, तो गेम हाय."

तं मलेच म्हणे, "सायब लबाड असन. चित्र तं आपल्या पोट्ट्याचं हाय ना?" अन् जाऊन अंगठा देऊन आली.

मागच्या हिवाळ्यात आमी बरडावर राहाले आलो. पहिल्या दिवशी मी चौकात उभा राह्यलो अन् मले हसूच आलं. जसंच्या तसं! सरळ सिमेंटचे रस्ते, ओळीनं काडीपेट्या, बाकी काही नाही. खालच्या सेटिंगवर बांधेल गाव. अर्धे लोक घराऐवजी पैसे घेऊन वणीले निंघून गेलते, म्हणजे माणसंबी बंद. सायबाले म्हतलं, झाडं? तं म्हणे, वृक्षारोपण झालं ना. झालं होतं. लोखंडी पिंजऱ्यायत वाळेल काड्या उभ्या होत्या, जसं काही त्या पळूनच जाणार होत्या.

मोठ्या मायचं घर आमच्या बाजूलेच आलं, तेवढं खरं. पण दार उघडलं का नुसतं ऊन. उन्हाळा लागला तं सकाळी ती बाज घराच्या या अंगाले टाके, दुपारी भिंतीच्या बुडाशी वीतभर सावली राहे तिथी, मंग त्या अंगाले. दिवसभर बाज ओढत घराभोवती फिरे. सायबाचा मले राग ये, सरपंचाचा ये, अन् तिचाबी ये, कारण ती कोणाले शिव्याच देत नव्हती. आमच्या गावची अर्धी शान त्या शिव्यायत होती.

यंदा मे महिन्यात भर दुपारी ती माह्या खोलीत आली अन् कूलरसमोर खाली बसली. मी गेमात तेच गाव उघडून, निंघून गेलेल्या लोकायचे घरं एकेक करून पाडून राह्यलतो. खरं हाय तसं तरी दिसावं, एवढंच. ती बराच वेळ पाहत राह्यली. मंग चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला अन् आपलं घर शोधलं.

"लहान झालं ना गाव?"

"अर्धं राह्यलं."

"मंग आता ओढीन तुहा कम्प्युटर," ती म्हणे. "कर बाप्पा आता माहा लिंब चालू."