मावशीची पहाटेची स्वप्नं

पहाटेची स्वप्नं खरी होतात, ही अफवा ज्याने पहिल्यांदा उठवली त्याला मी भर चौकात जाब विचारणार आहे. त्याच्यामुळे माझ्या मावशीने मोतीबिंदूचं ऑपरेशन रद्द केलं. तारीख ठरलेली, आणि पहाटे हिला स्वप्न पडलं: दात पडले. दात पडले म्हणजे घरातलं कुणीतरी जाणार. झालं!

मी तडक राजेंद्र नगरला तिच्या घरी धडकले आणि आमच्या विज्ञान गटाचं पत्रक तिच्या हातात कोंबलं. मीच लिहिलेलं, बारीक अक्षरात, दोन्ही बाजूंनी.

"वाच."

"दिसत नाही म्हणून तर ऑपरेशन होतं ना, बेटा."

इतकं गप्प मला आजवर एकाही बुवा-बाबाने केलेलं नाही.

मग तोंडी सांगितलं. स्वप्नं रात्रभर पडतात. पण पहाटेकडे स्वप्नांची झोप लांबत जाते आणि तिच्यातूनच थेट जाग येते, म्हणून तेवढंच लक्षात राहतं. तेव्हा मेंदूतला भीतीचा भाग जोरात असतो, तर्काचा मंद.

"पण पडतात कशाला?"

"ते अजून कुणालाच पक्कं माहीत नाही."

"देखो! आणि आम्हाला शिकवते!"

मी चिडले. "ठीक आहे. आठवडाभर पहाटेचं स्वप्न उठल्या उठल्या मला फोनवर सांग. एक जरी खरं झालं तरी मी पत्रकं वाटणं बंद करते."

सोमवारी शेजारणीची म्हैस हिच्या गॅसवर पोहे करत होती. मंगळवारी ही हातोद गावच्या मंडीत लसणाच्या ढिगावर बसून गणिताचा पेपर सोडवत होती. बुधवारी फोनवर नुसतं हसू.

"आज तुझं लग्न लागलं. जिराफाशी! शांत होता गं बिचारा, तुला झेपला असता."

"मग खरं होणार का?"

"हट! असं कुठे होतं!"

बोलली आणि स्वतःच थबकली. दुपारी तिनेच दवाखान्यात फोन करून नवी तारीख घेतली.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात शेजारच्या खुर्चीतले आजोबा कुजबुजले, "पहाटे साप दिसला हो. परत जावं म्हणतो."

मी तोंड उघडलं. मावशीने माझा हात दाबला.

"तू गप. आजोबा, साप करत काय होता?"

"टोपी घालून रांगेत उभा होता."

मावशी खुदकन हसली. मग आजोबाही. तेवढ्यात नर्सने मावशीला हाक मारली.

"जाऊ नका हं कुठे," ती आजोबांना म्हणाली, "रांगेत पुढे काय झालं ते ऐकायचंय," आणि आत गेली.