कुर्र माझं, नाव गोदीचं

पुरुषोत्तम, माझा भाचा, नोकरीसाठी मुंबईला निघाला होता. त्याला बोटीवर चढवून मांडवी बंदरावरून परतत होते, तेवढ्यात मासळीची पाटी घेतलेली चंद्री आडवी आली नि म्हणाली, "आत्या, पाळणेवाल्या काकी गेल्या गो!" गोदावरी गेली असं नाही म्हणाली, पाळणेवाल्या काकी. खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी पोटात दुखलं. मी मेले तर चंद्री काय म्हणेल? भावाकडे राहायची ती म्हातारी गेली, एवढंच ना!

गोदी नि मी एका आळीतल्या, एकाच वर्षाच्या. गळा माझा गोड, हे मी नव्हे, देवळातले कीर्तनकार बुवा म्हणायचे. गोदीचा घोगरा, सुराशी उभा दावा. पण कुणाचं मूल रडलं की हाक गोदीला! पोरांना न्हाऊ घालायचं तिचं गाणं, मऊभात भरवायचं गाणं, आणि बाप बोटीनं मुंबईला निघाला की धक्क्यावर रडं येऊ नये म्हणून हात हलवत म्हणायचं गाणं. ते बोटीचं गाणं तर खलाशीसुद्धा म्हणत. मी दोन वर्षं बुवांपाशी घसा खरवडला. माझं एक पद कुणाच्या तोंडी नाही.

पाळणे हा तिचा खास प्रांत. बारशाला जुनाच पाळणा नाव बदलून म्हणायची आपली रीत. गोदीला ते मान्य नाही. प्रत्येक मुलाला पाच कडव्यांचा नवा पाळणा, आणि एकाचा दुसऱ्याला म्हणायचा नाही. पाळण्याच्या पायावर बांगडीनं ठेका धरायची नि सुरू. बाया माना डोलवायच्या, मी मनातल्या मनात चुकलेले सूर मोजायची.

माझा नवरा आफ्रिकेला जातो म्हणून जहाजावर चढला तो चढलाच. कुंकू राहिलं, संसार राहिला नाही. धाकट्या भावाच्या घरी आले, तिथं माझ्या हक्काचं एकच होतं... आत्यापण. भावाच्या थोरल्या मुलाच्या बारशाला महिनाभर विचार करून नाव काढलं, पुरुषोत्तम. त्याच्या कानात कुर्र केलं, बायांचे धपाटे पाठीवर घेतले. आणि मग गोदीनं पाळणा म्हटला, त्यात त्याला म्हटलं गुंड्या! झालं. तेव्हापासून घरात, शाळेत, बाजारात तो गुंड्याच. मुंबईला निघाला तेव्हा धक्क्यावरही पोरं ओरडत होती, "गुंड्यादादा, लवकर या!" धपाटे माझ्या पाठीत नि नाव तिचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पुढची दोन बारशी झाली, त्या मुलींची मी ठेवलेली नावं आज त्यांच्या आईलाही आठवून सांगावी लागतात.

एकदा मी भांडलेसुद्धा. म्हटलं, "गोदे, नाव ठेवायचा मान माझा ना?" तर म्हणते कशी, "तुझाच गो. पण तू मोठेपणीचं नाव ठेवतेस, तोवर पोरानं काय करायचं?" अंगाचा असा तिळपापड झाला! आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी तीच फणसाचे गरे घेऊन आली. हे असं, रागावूसुद्धा द्यायची नाही धड.

गेल्या महिन्यात ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी पेज घेऊन गेले. उशाशी आळीतली पोरं गोळा झालेली, जो तो आपापला पाळणा म्हणून दाखवतोय. मी पोरांना हाकललं. गोदी हसली, म्हणाली, "यमू, एकीचा राहिला गो."

यमू! आई गेल्यापासून मला कुणी यमू म्हटलं नव्हतं. भावाला ताई, सगळ्या गावाला आत्या.

"कुणाचा राहिला?"

"तुझा."

"पन्नाशी आली माझी, पाळण्यात मावेन का मी?"

तिनं ऐकलं नाही. बांगडीनं खाटेच्या पायावर ठेका धरला...

यमू माझी रुसली, माडाखाली बसली,
समुद्रानं हाक दिली, तेव्हा कुठं हसली...

आणि खोकल्याची उबळ आली. मी पाणी पाजलं. "पुढचं उद्या," म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी गुंड्याच्या बांधाबांधीत अडकले, तिसऱ्या दिवशी तो निघाला, नि बंदरावर चंद्री भेटली.

आता संध्याकाळी ओटीवरच्या झोपाळ्यावर बसते. कडी कुरकुरते, हात आपोआप बांगडीनं कडीवर ठेका धरतो. त्या दोन ओळी येतात नि थांबतात. पुढची ओळ मी जुळवून पाहिली. माझा गळा गोड, सूर पक्का, पण ओळ काही येत नाही... आळीतल्या शेंबड्यातल्या शेंबड्या पोरालासुद्धा पाच कडवी, आणि मला दोन ओळी. गोदे, हे काय वागणं झालं?